शाहूपुरीतले बिनपाटीचे दुरुस्तीचे दुकान

कोल्हापुरातल्या शाहूपुरीत व्यापारी पेठेलगतच्या एका बोळात टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, अॅम्प्लिफायर, इंडक्शन शेगडी असे जवळजवळ काहीही दुरुस्त करून देणारे एक छोटे दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. आसपास कोणालाही ‘मिस्त्रींचे दुकान’ विचारले की ते हात करून दाखवतात. मिस्त्रींचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यांनी स्वतःच ते छापू नका असे सांगितले. आहे तेवढ्याच कामाला त्यांचे हात पुरत नाहीत. आमच्या घरातल्या आणि शेजारच्या बऱ्याच वस्तू गेल्या काही वर्षांत या दुकानात जाऊन आल्या आहेत. बहुतेक चालू होऊन परत आल्या, काही ‘हे होणार नाही’ असे स्वच्छ उत्तर घेऊन आल्या, आणि ते नकाराचे उत्तरही मला दुरुस्तीइतकेच मोलाचे वाटले. कोल्हापुरात बिघडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू मोडीत देण्यापूर्वी ती येथे एकदा अवश्य दाखवावी, असे माझे मत आहे. ते का, हे थोडे सविस्तर सांगतो.

आमचा ४३ इंची एलईडी टीव्ही एका संध्याकाळी अचानक काळा पडला. आवाज येत होता, वाहिन्याही बदलत होत्या, चित्र मात्र नव्हते. कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने भेटीचे शुल्क घेतले, टीव्हीचा मागचा पत्रा न उघडताच पॅनेल गेल्याचे सांगितले आणि १९,५०० रुपयांचे कोटेशन लिहून दिले. त्यात थोडी भर घातली की त्याच मापाचा नवा टीव्ही येतो, शिवाय जुना देऊन नवा घेण्याची सवलत बारा महिने चालूच असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब अशा वेळी कोणालाही पटतो आणि घरोघरची चांगली यंत्रे याच हिशेबाने भंगारात जातात.

मिस्त्रींनी टीव्ही चालू केला, दुकानातले दिवे मालवले आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. त्या उजेडाच्या गोलात बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा अंधुक, पण पुरेसा ओळखू येईल असा हलताना दिसला. “पॅनेल ठणठणीत हाय सर. मागचा उजेड तेवढा गेलाय,” ते म्हणाले. या टीव्हीच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या असतात आणि त्यांच्या प्रकाशावर चित्र उमटते. पट्टीवरचे हे छोटे दिवे, म्हणजे मणी, एकामागोमाग एक असे जोडलेले असतात. त्यांतला एक जरी पूर्ण तुटला, तरी सगळ्या साखळीचा प्रवाह थांबतो, वीज पुरवणारे सर्किट स्वसंरक्षणासाठी बंद होते आणि पडदा काळा पडतो. म्हणजे काही रुपयांचा एक मणी गेला होता आणि किंमत अख्ख्या पडद्याची सांगितली गेली होती.

पट्टी बदलण्याचे काम मात्र नाजूक असते. काचेचे पॅनेल पातळ, त्याच्या कडेला चिकटवलेल्या फिती त्याहून नाजूक, आणि एक कोपरा किंचित जास्त वाकला तरी काचेला तडा जाऊन खेळ खलास होतो. मिस्त्री आणि त्यांचा भाचा या दोघांनी रबरी सक्शन कप लावून पॅनेल एका दमात उचलले आणि धुतलेल्या सुती चादरीवर ठेवले. त्याखालचे प्रकाश पसरवणारे पांढरे पापुद्रे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, कोपऱ्यावर खुणा करून, भिंतीला लावले. मग पट्ट्या तपासण्याच्या छोट्या यंत्राच्या दोन पिना प्रत्येक मण्याला टेकवत ते ओळीने पुढे गेले. मणी पेटत गेले, पेटत गेले आणि तिसऱ्या पट्टीवर एक मणी पेटलाच नाही. त्याच्या पिवळ्या पृष्ठभागावर मोहरीएवढा काळा डाग होता. तेवढा एकच मणी बदलता येतो, पण ते त्यांनी केले नाही. सर्व मणी एकाच वयाचे आणि तितकेच तापलेले असतात, त्यामुळे एक बदलला तर दुसरा लवकरच जातो आणि पुन्हा पॅनेल उचलण्याचा धोका पत्करावा लागतो, असे त्यांनी समजावून सांगितले. सगळ्या पट्ट्या नव्या घातल्या. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पट्ट्यांना किती प्रवाह जावा हे ठरवणाऱ्या काही रेझिस्टरांपैकी एक त्यांनी बोर्डावरून काढला. त्यामुळे उजेड थोडा कमी झाला, घरात बसून तो फरक जाणवतही नाही, परंतु मणी कमी तापतात आणि जास्त काळ टिकतात. दुकानाच्या मांडणीत शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला टीव्ही लखलखीत दिसावा म्हणून कारखान्यातून निघतानाच बॅकलाइट, म्हणजे हा मागचा उजेड, चढवून ठेवलेला असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. टीव्ही परत देताना बॅकलाइट शंभरवर न ठेवता साठ-सत्तरवर ठेवा, हेही त्यांनी बजावले. एकूण खर्च २,४०० रुपये आला.

सेवा केंद्राच्या तंत्रज्ञाला यात दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याच्या हातातल्या दरपत्रकात ‘पॅनेल’ असते, ‘मेन बोर्ड’ असतो, ‘पॉवर बोर्ड’ असतो. एक मणी, एक पट्टी किंवा एक कपॅसिटर (वीज साठवणारा बोर्डावरचा छोटा भाग) असे काही नसते. कंपनी जो भाग सुटा देतच नाही, तो बदलण्याची सोय त्याच्याकडे कोठून असणार? दिवसभरात ठरावीक तक्रारी निकालात काढायच्या असतात, आणि बोर्ड उघडून दोन तास शोध घेतल्याबद्दल त्याला कोणी पैसे देत नाही. ज्या माणसाकडे ती सवड आणि ती नजर असते, तो कंपनीच्या रचनेबाहेरचा असतो. मग त्याला माहितीही मिळत नाही आणि भागही मिळत नाहीत.

माहितीची अडचण किती मोठी आहे, ते मिस्त्रींच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीवरून कळते. जुन्या रेडिओच्या पेटीच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे आणि पुढे टीव्ही आले तेव्हाही मिस्त्रींना नकाशांची पुस्तके बाजारात विकत मिळत. आता बहुतेक कंपन्या नकाशे बाहेर देत नाहीत. म्हणून एखादा चालू स्थितीतला टीव्ही किंवा इन्व्हर्टर किरकोळ कामासाठी हाती आला की हे गृहस्थ त्याच्या बोर्डावरच्या महत्त्वाच्या जागांचा विजेचा दाब मल्टिमीटरने मोजतात आणि बोर्डाचा क्रमांक घालून वहीत लिहून ठेवतात. पुढे तसाच बोर्ड बंद अवस्थेत आला की वहीतला आकडा आणि समोरचा आकडा ताडून बिघाड कोणत्या भागात आहे ते ठरवतात. कंपनीने एका पानात देता आली असती अशी माहिती त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने गोळा केली आहे. त्या वहीची पाने मी चाळली आहेत. बोर्डांची बारीक, नीटस रेखाटने आणि कडेला लाल शाईत ‘हा पार्ट फसवतो’ अशा सूचना पाहून मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटला.

भागांच्या बाबतीतही त्यांचा कटाक्ष वाखाणण्यासारखा आहे. वीजपुरवठ्याच्या बोर्डावर सर्वांत आधी दगा देतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. उष्णतेने आतला द्रव हळूहळू सुकतो, कधी माथा फुगतो, आणि फुगला नाही तरी आतून निकामी झालेला असू शकतो. अशा कपॅसिटरवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ८५ किंवा १०५ अंश. साधारण नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले तर त्याचे आयुष्य दुप्पट होते. काही रुपये वाचवण्यासाठी हलका कपॅसिटर घालणे, तोही गरम होणाऱ्या भागाला खेटून बसवणे, हे वस्तूचे आयुष्य कारखान्यातच कापण्यासारखे आहे. मिस्त्री १०५ अंशांचाच घालतात, जागा असेल तर थोडा दूर बसवतात आणि डाख दिल्यावर भिंगाखाली पाहून मगच बोर्ड पेटीत घालतात. जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देण्याची त्यांची रीत आहे. ती प्रत्येक दुरुस्तीवाल्याने उचलावी अशी आहे.

हे काम कोल्हापुरात रुजावे यात नवल नाही. या गावाला यंत्राच्या पोटात हात घालण्याची सवय फार जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा याच गावात तयार केला. शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत आजही तुटलेला शाफ्ट किंवा झिजलेला बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) घेऊन गेलात तर लेथवर तसाच दुसरा करून मिळतो. आमच्या एका शेजाऱ्यांच्या जुन्या वॉशिंग मशीनचा बुश कंपनीकडे मिळेना, मॉडेल बंद झाले होते. मिस्त्रींनी माप घेऊन तो उद्यमनगरातून पितळेचा करून आणला आणि मशीन आजतागायत फिरते आहे. त्याच मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला असता, तर मात्र सारे उद्यमनगर एकत्र येऊनही तो करू शकले नसते. धातूचा भाग मोजता येतो आणि मोजता आला की घडवता येतो. बोर्डावरच्या चिपमध्ये कंपनीने भरलेली आज्ञावली मात्र बाहेरून दिसत नाही, वाचता येत नाही, आणि कोरी चिप आणून बसवली तरी चालत नाही. कारागिरीने भरलेल्या या गावाचे हात नेमके तेथे बांधलेले आहेत, आणि ते बांधण्यात आले आहेत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मिस्त्री ज्या वस्तू परत पाठवतात त्यांची यादी म्हणूनच बोलकी आहे. नव्या वॉशिंग मशीनच्या बोर्डावर बऱ्याचदा रेझिनसारख्या घट्ट पदार्थाचा थर ओतलेला असतो. ओल, झुरळे, पाली यांपासून बोर्ड वाचावा हा त्यामागचा हेतू रास्त आहे हे तेही मान्य करतात. पण दहा रुपयांचा रिले (वीज चालू-बंद करणारा भाग) बदलायचा तरी तो थर तासन्‌तास खरवडावा लागतो आणि खरवडताना बोर्डावरच्या वीज वाहून नेणाऱ्या वाटा उखडतात. कानात घालायच्या छोट्या इअरबडची पेटी चिकटवून बंद केलेली असते. ती फोडल्याशिवाय उघडत नाही आणि फोडल्यावर पुन्हा मिटत नाही. आतली बॅटरी काही वर्षांत दम सोडते आणि बाकी सर्व शाबूत असलेली वस्तू कचऱ्यात जाते. काही मोबाइलमध्ये अस्सल पडदा किंवा अस्सल बॅटरी घातली तरी फोन ती ओळखत नाही, कारण प्रत्येक भागाचा क्रमांक मूळ बोर्डाशी जुळवलेला असतो आणि ती जुळवणी करण्याचे साधन बहुतेकदा कंपनीकडेच असते. “ह्यात हात घालून तुमचे पैसे घालवत न्हाई,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. असे सांगणारा दुकानदार दुर्मीळ आहे. इतरत्र ‘ठेवून जा, बघतो’ म्हणून वस्तू महिनोन्‌महिने अडकवून ठेवली जाते.

ही कोंडी कायद्याने फोडता येते, याचे दाखले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, स्मार्टफोन अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्तीयोग्य आहेत याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे पुरवणे बंधनकारक झाले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले, आणि मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल त्यासाठी नेमलेल्या वेगळ्या समितीकडून आला. त्याआधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावून सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत असा आदेश दिला होता. मोटारीच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले ते टीव्ही आणि वॉशिंग मशीनच्या बाबतीत का मान्य होऊ नये, याचे पटणारे उत्तर मला कोठे मिळालेले नाही. राजारामपुरीत किंवा स्टेशन रोडला टीव्ही घ्यायला गेल्यावर विजेच्या बचतीचे तारे प्रत्येक पेटीवर दिसतात. तसेच दुरुस्तीचे गुण दिसले, तर निवड कितीतरी शहाणपणाने करता येईल.

महापुराच्या वेळचे या दुकानाचे काम स्वतंत्र नोंद घेण्यासारखे आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरीच्या सखल भागातील घरे व दुकाने पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी फ्रीज, मिक्सर, टीव्ही रस्त्यावर आणून टाकले होते. ‘चालू करून बघू नका’ हा मिस्त्रींचा तेव्हाचा पहिला निरोप होता. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की तो जळतो. वीज न मिळालेला बोर्ड चिखल बसलेला असला तरी पुष्कळदा वाचतो. त्यांनी बोर्ड सुटे करून स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, चांगले वाळवले आणि नंतरच वीज जोडली. मिक्सरच्या मोटारी वाळवून, बेअरिंग बदलून बऱ्याच चालू झाल्या. ज्यांचे सगळे सामान गेले होते अशा घरांना एक मिक्सर परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता उणिवा. वस्तू ठेवून घेताना लेखी पावती मिळत नाही. मार्करने वस्तूवर नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिला जातो, तेवढीच नोंद. महागडी वस्तू ठेवताना हे पुरेसे नाही आणि मी त्यांना तसे सांगितलेही आहे. दिलेली तारीख क्वचितच पाळली जाते, फोन उचलला जाईल याची खात्री नाही. तीन महिन्यांची हमी तोंडी असते. ती ते पाळतात हा अनुभव आहे, परंतु नव्या गिऱ्हाइकाने केवळ शब्दावर विसंबावे अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. उघडे, वीज जोडलेले बोर्ड काउंटरच्या अगदी कडेला असतात, त्यामुळे लहान मुलांना सोबत नेऊ नये. सर्वांत गंभीर उणीव भंगाराची आहे. कामाचे बोर्ड ते सुट्या भागांसाठी जपून ठेवतात, पण उरलेला माल नेहमीच्या भंगारवाल्याकडे जातो, आणि तेथून पुढे तारा जाळून तांबे काढण्यापर्यंत त्याचा प्रवास होऊ शकतो. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या आपल्या ई-कचरा नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती यंत्रणा शाहूपुरीच्या बोळापर्यंत पोचायला हवी, आणि ती पोचेपर्यंत मिस्त्रींनी निदान फुगलेल्या बॅटऱ्या तरी नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच द्याव्यात. सध्या त्या वाळूच्या बादलीत वेगळ्या ठेवल्या जातात, एवढी दक्षता आहे.

तपासणीचे २०० रुपये आधी घेतले जातात आणि दुरुस्ती झाली तर ते बिलातून वळते होतात. यावरून दुकानात वाद झालेले मी पाहिले आहेत. ‘नुसते बघायचे पैसे कसले?’ असे लोक विचारतात. डॉक्टरांनी औषध दिले नाही तरी आपण त्यांची तपासणी फी देतोच. बिघाड शोधणे हेच या धंद्यातले अवघड काम आहे. भाग बदलायला पाच मिनिटे पुरतात, पण कोणता बदलायचा हे कळायला पंधरा-वीस वर्षे जातात. ते दोनशे रुपये द्यायला आपण कुरकुरलो, तर हे काम शिकायला पुढची पिढी येणार नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, परंतु तेथून बाहेर पडणारी मुले कंपनीतली नोकरी बघतात, कारण मोबदला ठरलेला असतो. मिस्त्रींचा भाचा टिकून आहे, हात चांगला आहे, आणि वहीत आता त्याचेही अक्षर दिसू लागले आहे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सकाळी अकराच्या सुमारास जावे, तेव्हा मिस्त्री शांतपणे ऐकून घेतात. संध्याकाळी गर्दी असते. बिघाड कसा झाला, आधी आवाज आला का, वास आला का, वीज कमी-जास्त झाली होती का, हे नीट आठवून सांगावे. टीव्ही नेताना तो आडवा झोपवू नये, उभा धरून न्यावा आणि रिक्षात दोन उशांच्या मध्ये ठेवावा. रिमोट सोबत असावा. भिंतीवरून काढलेले स्क्रू एका पिशवीत घालून घरीच ठेवावेत, आणि वस्तू तेथे सोडताना मागच्या पट्टीवरचा मॉडेल व अनुक्रमांक यांचा फोटो काढून घ्यावा.